वाचा-शिक्षक व्हायचंय? फॉर्म भरायच्या आधी एवढं बघा

दर उन्हाळ्यात एकच तक्रार येते. 'बी.एड.ची सीईटी दिली, मार्कही बरे पडले, पण प्रवेशाच्या यादीत नाव नाही.' खोदून विचारलं की कळतं, कॅपची, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेची नोंदणीच केलेली नाही. सीईटी ही नुसती परीक्षा. प्रवेशासाठी निकालानंतर कॅपची वेगळी नोंदणी, वेगळं शुल्क, कागदांची तपासणी आणि मग कॉलेजांचे पर्याय भरणं, हे सगळं पुन्हा करावं लागतं. हॉल तिकीट फाइलला लावून घरी बसलेल्यांचं वर्ष जातं.

त्याच्याही आधीचा घोळ म्हणजे कोर्स कुठला. बोलण्यातल्या दोषांवर उपचार करणारा वाचा-भाषातज्ज्ञ व्हायचं असेल तर बीएएसएलपी, म्हणजे बारावी सायन्सनंतर चार वर्षं, त्यात शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. बारावी सायन्स नसलेल्या बीए, बीकॉमवाल्यांना तो रस्ता बंद. कर्णबधिर मुलांना माध्यमिक वर्गात भाषा आणि विषय शिकवायचे असतील तर बी.एड. विशेष शिक्षण, श्रवणदोष हा प्रकार, पदवीनंतर दोन वर्षं. हा शिक्षक मुलांच्या उच्चारावर काम करतो, पण तो उपचारतज्ज्ञ नव्हे. साधं बी.एड. करून 'नंतर बघू' म्हणणाऱ्यांना त्या पदवीवर विशेष शिक्षक होता येत नाही.

या विशेष बी.एड.साठी पदवीला ५० टक्के लागतात. महाराष्ट्रातल्या मागासवर्गीय उमेदवारांना ४५. सीजीपीए असेल तर घरच्या घरी दहाने गुणून टक्के टाकू नका, विद्यापीठाच्या रूपांतराप्रमाणेच भरा. तपासणीत आकडा जुळला नाही की अर्ज परत येतो. परीक्षा सोपी आहे: संगणकावर १०० प्रश्न, ९० मिनिटं, चुकीच्या उत्तराला गुणकपात नाही. त्यात ४० प्रश्न बौद्धिक क्षमतेचे, ३० सामान्य ज्ञानाचे, ३० शिक्षक अभियोग्यतेचे.

आता खरी रडकथा, नॉन-क्रीमीलेअर, म्हणजे ओबीसी वगैरेंना आरक्षणासाठी लागणारा दाखला. फॉर्म हिवाळ्यात भरला जातो आणि तेव्हा दाखला चालू असतो. पण अनेकांचा दाखला त्याच ३१ मार्चला संपतो. कॅपची तपासणी त्यानंतर, म्हणजे हातात मेलेला कागद. प्रवेशाच्या वर्षाच्या पुढच्या ३१ मार्चपर्यंत चालणारा दाखला हवा. म्हणून एप्रिल लागला की पहिल्या आठवड्यात नवीन अर्ज टाका. दहावी-बारावीचे निकाल लागले की सेतूत पाय ठेवायला जागा नसते, आणि 'सर्व्हर डाऊन' हे उत्तर तर बारमाही आहे. जात वैधता नसलेल्यांनी त्याच्याही आधी हालचाल करावी. पडताळणी समितीला आपल्या कॅपची घाई नसते. वडिलांच्या, आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर जातीचा उल्लेख शोधण्यातच दोन-तीन महिने जातात. जानेवारीतली गड्डा यात्रा उरकायच्या आत फाइल समितीकडे गेलेली बरी.

नावाचा गोंधळ आपल्या सोलापुरात जरा जास्तच. घरी तेलुगू, शाळा मराठी, दाखला कुणी लिहिला देवास ठाऊक. आधारवर व्यंकटेश, मार्कशीटवर वेंकटेश, पदवीवर आडनाव आधी. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींनी राजपत्राची प्रत जोडावी. अक्कलकोटकडच्या ज्या मुलांनी पदवी विजयपुरा किंवा कलबुर्गीहून केली आहे, त्यांनी स्थलांतर प्रमाणपत्र आणि अधिवास दाखला आधीच काढून ठेवावा. आयत्या वेळी त्या विद्यापीठाच्या खिडकीवर उभं राहायला दोन दिवस मोडतात.

कॉलेज निवडताना फक्त 'विशेष बी.एड.' ही पाटी बघून भुलू नका. भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता त्या कॉलेजाला, त्याच प्रकारासाठी आणि तुमच्या वर्षासाठी आहे का, ते परिषदेच्या संकेतस्थळावर स्वतः बघा. मान्यता ठरावीक वर्षांचीच असते. बौद्धिक अक्षमतेची मान्यता असलेल्या कॉलेजातून श्रवणदोषाची नोंदणी मिळणार नाही. प्रवेश घेऊन झाल्यावर हे कळलेली मुलं भेटली आहेत. त्यांना काय सांगावं, कळत नाही.

पास झालात तरी काम संपत नाही. परिषदेच्या केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत नाव आलं, सीआरआर नंबर मिळाला, की मगच कायदेशीर काम करता येतं. १९९२च्या कायद्यानुसार नोंदणीशिवाय व्यवसाय करणं हा गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद किंवा १००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दंडाची रक्कम वाचून हसू येईल, पण मुलाखतीत नंबर नसेल तर फाइल तिथेच बंद होते. तेव्हा निकालाच्या दिवशीच अर्ज करा. नोंदणीचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी करावं लागतं आणि त्यासाठी प्रशिक्षणांचे गुण जमवावे लागतात. कार्यशाळेची प्रमाणपत्रं पहिल्या दिवसापासून एका फाइलमध्ये लावत जा.