दोन मिनिटांचं विमान

स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी नावाचा द्वीपसमूह आहे. तिथल्या वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या दोन बेटांवरच्या विमानतळांमधलं अंतर जेमतेम २.७ किलोमीटर. दोन विमानतळांमधलं अंतर टाकलं की उड्डाणाचा वेळ सांगणारी बरीच गणकयंत्रं इंटरनेटवर सापडतात. त्यातली अनेक जेट विमानाचा ताशी ८०० किलोमीटरचा वेग धरतात आणि चढण्या-उतरण्यासाठी वर अर्धा तास मिळवतात. या हिशेबाने वेस्ट्रेहून पापा वेस्ट्रेला ३० मिनिटं १२ सेकंद लागायला हवीत. अर्धा तास वगळला तर नुसती १२ सेकंद! दोन्ही उत्तरं साफ चूक. लोगनएअर या विमान कंपनीच्या वेळापत्रकात हा प्रवास साधारण दोन मिनिटांचा असतो. ही सेवा १९६७ पासून चालू आहे आणि जगातलं सर्वांत छोटं नियमित प्रवासी उड्डाण म्हणून तिची ओळख आहे.

इथे जेट येतच नाही. येतं ते आयलँडर, दोन पंख्यांचं, मोजक्याच प्रवाशांचं छोटं विमान. उंचीवर स्थिरावलं की ते ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपास जातं; पण या मार्गावर स्थिरावायला सवडच मिळत नाही. विमान दीड मिनिटात पोचलं असं धरलं, तरी २.७ किलोमीटरसाठी सरासरी येते ताशी १०८, आपल्या द्रुतगती मार्गावरच्या मोटारीइतकाच वेग. विक्रम ५३ सेकंदांचा आहे. त्याची सरासरीसुद्धा ताशी १८३ च्या पुढे जात नाही.

खरी गंमत वाऱ्याची आहे. विमान शक्यतो वाऱ्याला तोंड देऊनच उडतं आणि उतरतं. समोरचा वारा पंखांवरून वाहत असल्यामुळे जमिनीवर कमी धावून भागतं, आणि इथल्या आखूड धावपट्ट्यांवर ते फार महत्त्वाचं. वारा पुढच्या बेटाकडून येत असेल तर वैमानिक उडतो, सरळ जातो, सरळ उतरतो. उलट दिशेचा असेल तर आधी भलत्याच बाजूला उडायचं, वळायचं, बेटापाशी पोचून पुन्हा वळायचं आणि मग टेकायचं. अंतर तेच, वेळ मात्र सहज दुप्पट. लांबच्या प्रवासात अशी दोन-तीन मिनिटं कोणाच्या लक्षातही येत नाहीत. इथे तोच सगळा प्रवास असतो!

थोड्या लांब पल्ल्यावर वारा आणखी एक खोडी काढतो. समजा दोन बेटांमध्ये १२० किलोमीटर अंतर आहे आणि विमानाचा हवेतला वेग ताशी २४०. वारा नसेल तर जायला ३० मिनिटं, यायला ३०. आता ताशी ६० चा वारा सुटला. जाताना तो समोरून, म्हणजे जमिनीच्या हिशेबाने वेग उरला १८० आणि वेळ ४० मिनिटं. येताना तोच पाठीशी, म्हणजे वेग ३०० आणि वेळ २४ मिनिटं. जाताना गमावलेलं येताना भरून निघेल असं वाटतं, पण बेरीज ६४ येते. कारण उघड आहे : विरोधी वाऱ्यात आपण जास्त वेळ अडकून असतो, अनुकूल वाऱ्याचा लाभ मात्र थोडाच वेळ मिळतो. वारा आणखी वाढवून पाहा. ताशी १२० धरला तर जायला तब्बल एक तास, यायला २० मिनिटं, एकूण ८०.