लायब्ररी ऑफ काँग्रेस: बघायचा पास आणि वाचायचं कार्ड

वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेच्या ग्रंथालयात, दोन प्रकारे जाता येतं. एक, प्रेक्षक म्हणून: ठरलेल्या वेळेचा मोफत पास घ्यायचा, इमारत आणि प्रदर्शनं बघायची. दुसरं, वाचक म्हणून: रीडर कार्ड करून घ्यायचं, वाचनकक्षात बसायचं आणि हवं ते पुस्तक मागवायचं. आपल्याकडून जाणारे बहुतेक जण पहिल्या प्रकारावरच थांबतात. दुसऱ्यासाठी संशोधक असायला हवं, अमेरिकेचं नागरिकत्व हवं, निदान एखाद्या प्राध्यापकाची चिठ्ठी तरी हवी, असा समज असतो. यातलं काहीही लागत नाही. वयाची १६ वर्षं पूर्ण आणि हातात पासपोर्ट असला की काम होतं. म्हणून मुलांकडे काही आठवड्यांसाठी अमेरिकेत गेलेल्या आई-बाबांनीही हे कार्ड काढावं, असा माझा आग्रह आहे.

आग्रहाचं कारण असं की या ग्रंथालयात मराठी पुस्तकं आहेत, आणि ती तिथे पोचण्याचा इतिहास आपल्या रेशनच्या दुकानातून जातो. पीएल ४८० या अमेरिकी कायद्याचं नाव जुन्या पिढीला अमेरिकेच्या तांबड्या गव्हामुळे ठाऊक आहे. १९५४च्या त्या कायद्याखाली आलेल्या धान्याचे पैसे भारत रुपयांत चुकते करायचा, आणि ते रुपये भारतातच साठत जायचे. १९५८मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि या रकमेतून पुस्तकं घेण्याची मुभा ग्रंथालयाला मिळाली. १९६२पासून नवी दिल्लीतल्या कार्यालयामार्फत भारतीय भाषांतली पुस्तकं आणि नियतकालिकं नियमित विकत घेतली जाऊ लागली. त्यांच्या प्रती अमेरिकेतल्या इतर मोठ्या विद्यापीठांच्या ग्रंथालयांनाही गेल्या. पुढे पैशाचा स्रोत बदलला, पण दिल्लीचं कार्यालय आजही खरेदी करतं.

अमेरिकेच्या संसदेचं ग्रंथालय मराठी पुस्तकं कशाला ठेवतं? याचं उत्तर १८१५च्या एका खरेदीत आहे. १८००मध्ये स्थापन झालेलं मूळ ग्रंथालय १८१४मध्ये इंग्रज सैन्याने लावलेल्या आगीत जळालं. त्यानंतर माजी राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांनी आपला ६,४८७ ग्रंथांचा संग्रह २३,९५० डॉलरला सरकारला विकला. त्यात तत्त्वज्ञानापासून स्वयंपाकापर्यंत सगळं होतं, परभाषांतली पुस्तकंही होती. कायदे करणाऱ्यांना याचा काय उपयोग, असा आक्षेप तेव्हा घेतला गेला. लोकप्रतिनिधीला कधी ना कधी लागणार नाही असा विषयच नसतो, अशी जेफरसन यांची भूमिका होती. तीच पुढे ग्रंथालयाचं धोरण झाली.

प्रदर्शनांसाठी पास

प्रेक्षकांसाठी मुख्य इमारत म्हणजे १८९७मध्ये उघडलेली थॉमस जेफरसन बिल्डिंग. ती मंगळवार ते शनिवार सकाळी १० ते संध्याकाळी ५ आणि गुरुवारी रात्री ८पर्यंत खुली असते. रविवार-सोमवार बंद. सहलीचा बेत बहुधा शनिवार-रविवारचा असतो आणि रविवार या ग्रंथालयासाठी उरतो. तसं करू नका, शनिवार किंवा गुरुवारची संध्याकाळ ठेवा.

पास ग्रंथालयाच्या अधिकृत संकेतस्थळावर मिळतो. भेटीच्या तारखेच्या ३० दिवस आधीपासून आरक्षण सुरू होतं. दिवस आणि प्रवेशाची वेळ निवडायची, माणसांची संख्या टाकायची, नाव आणि ईमेल द्यायचा. पास ईमेलवर येतो आणि मोबाइलवर दाखवला तरी चालतो. कुटुंबातल्या प्रत्येकाचा पास हवा, मुलांना मोजायला विसरू नका. उन्हाळ्याच्या सुट्टीत आणि मार्च-एप्रिलमध्ये चेरीच्या बहराच्या दिवसांत गर्दी असते, तेव्हा आधीच आरक्षण करावं. राहून गेलं, तर त्याच दिवसासाठीचे काही पास सकाळी खुले होतात, ते बघावेत. मंडळातली बरीच माणसं एकत्र जाणार असतील तर गटाची नोंदणी वेगळी असते.

पासला पैसे पडत नाहीत. कुणी पैसे मागत असेल, तर तुम्ही भलत्याच संकेतस्थळावर आहात.

मेट्रोने कॅपिटॉल साउथ स्थानकावर उतरलं की इमारत चालत जाण्याइतकी जवळ आहे. दारात सुरक्षा तपासणी होते. संसद भवनाच्या अभ्यागत केंद्रापासून इथपर्यंत भुयारी वाटही आहे, थंडीत आणि पावसात फार सोयीची. दोन्ही भेटी एकाच दिवशी असतील तर पासाची वेळ संसदेच्या फेरीनंतर भरपूर अवकाश ठेवून घ्या.

आत गेल्यावर पहिल्यांदा गुटेनबर्गचं बायबल बघा. १४५०च्या दशकात जर्मनीतल्या माइन्झ शहरात खिळ्यांनी, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांनी, छापलेला हा ग्रंथ आहे. चर्मपत्रावर छापलेल्या ज्या तीनच प्रती संपूर्ण आणि सुस्थितीत उरल्या, त्यांपैकी ही एक. ती १९३०मध्ये विकत घेतली गेली. त्याच्या समोरच, त्याच काळात माइन्झमध्येच बहुधा हाताने लिहिलेलं दुसरं भव्य बायबल ठेवलेलं आहे. हाताने लिहिण्याचं युग आणि छापण्याचं युग इथे काही पावलांच्या अंतरावर आहेत. पहिला ग्रंथ बघून लोक पुढे सरकतात. दोन्हींची अक्षरं ताडून बघायला थोडा वेळ द्या.

२०२४मध्ये ग्रंथालयाच्या ठेव्यातल्या निवडक वस्तूंसाठी खास दालन उघडलं. अब्राहम लिंकन यांच्यावर गोळी झाडली गेली त्या रात्री त्यांच्या खिशात असलेल्या वस्तू त्याच्या पहिल्या प्रदर्शनात मांडल्या होत्या. जुनी कागदपत्रं प्रकाशाने खराब होतात, त्यामुळे प्रदर्शनांतल्या मूळ वस्तू बदलत राहतात. एखादी विशिष्ट वस्तूच बघायची असेल तर ती सध्या मांडलेली आहे का, हे निघण्याआधी संकेतस्थळावर पाहून घ्या. फोटो काढताना फ्लॅश बंद ठेवा.

दुसऱ्या मजल्यावरच्या सज्जातून खाली मुख्य वाचनकक्ष दिसतो: वर घुमट, खाली वर्तुळात मांडलेली लाकडी मेजं. फक्त पास असेल तर बघणं बहुधा इथवरच. त्या मेजावर बसून वाचायचं, तर कार्ड हवं.

रीडर कार्ड

पात्रता सोपी आहे: वय १६ किंवा अधिक. नागरिकत्व, व्हिसाचा प्रकार, शिक्षण, विद्यापीठाशी संबंध यांपैकी कशाचीही अट नाही. कार्ड मोफत असतं, दोन वर्षं चालतं.

कागदपत्र एकच, फोटो असलेलं वैध ओळखपत्र. अमेरिकेत राहणाऱ्यांना तिथल्या राज्याचा वाहन परवाना किंवा राज्याचं ओळखपत्र चालतं. भारतातून गेलेल्यांनी मूळ पासपोर्ट न्यावा. त्याची झेरॉक्स, मोबाइलमधला फोटो, आधार कार्ड यांच्या भरवशावर जाऊ नये. प्रवासात पासपोर्ट घरी कुलुपात ठेवायची आपली सवय चांगलीच आहे, पण या दिवशी तो सोबत हवा. अर्जात पत्ता लिहावा लागतो. मुलाच्या किंवा लेकीच्या घरचा पत्ता पिनसकट आणि आपला भारतातला कायमचा पत्ता, दोन्ही इंग्रजीत लिहून जवळ ठेवले तर खोळंबा होत नाही.

अर्जाची माहिती घरूनच ऑनलाइन भरता येते. मात्र कार्ड घ्यायला स्वतः जावं लागतं, ते टपालाने येत नाही आणि दुसऱ्याच्या हाती देत नाहीत. नोंदणीचं काम जेफरसन इमारतीपासून रस्ता ओलांडून असलेल्या मॅडिसन बिल्डिंगमध्ये होतं. तिथे ओळखपत्र तपासतात, फोटो काढतात, सही घेतात आणि कार्ड हातात देतात. पासपोर्ट-साइझ फोटो नेण्याची गरज नाही. नोंदणीच्या आणि वाचनकक्षांच्या वेळा प्रदर्शनांच्या वेळांपेक्षा वेगळ्या असतात, प्रत्येक कक्षाच्याही वेगळ्या. म्हणून आपल्याला हव्या त्या कक्षाचं पान आधी उघडून बघा. संशोधनासाठी येणाऱ्या कार्डधारकाला प्रदर्शनांचा वेळेचा पास लागत नाही.

मराठी पुस्तक मागवताना

मराठी पुस्तकांसाठी जेफरसन इमारतीतल्या एशियन रीडिंग रूममध्ये जायचं. दक्षिण आशियाचे संग्रह जाणणारे ग्रंथपाल तिथे मदत करतात. पुस्तकं मांडणीवर जाऊन आपण काढायची नसतात. ग्रंथसूचीत शोधायचं, कार्डाच्या क्रमांकावर मागणी नोंदवायची आणि पुस्तक मेजावर येईपर्यंत थांबायचं.

खरी अडचण सूचीत शोधताना येते. तेंडुलकर, खांडेकर, देशमुख ही नावं आपण रोज लिहितो तशी रोमन लिपीत टाकली तर बऱ्याच नोंदी हाती लागत नाहीत. ग्रंथालयाच्या पद्धतीत देवनागरीतलं प्रत्येक अक्षर नियमाने रोमनमध्ये उतरवतात आणि शेवटच्या अक्षरातला ‘अ’ही लिहितात. म्हणजे खांडेकर लिहिताना शेवटी रोमन ‘ए’ जास्तीचा येतो. तेंडुलकरमध्ये तो ‘ल’नंतर आणि शेवटीही येतो. ‘च’साठी नुसता ‘सी’ असतो, ‘छ’साठी ‘सी’ आणि ‘एच’. ‘श’साठी खूण केलेला ‘एस’ वापरतात, ‘ष’साठी मात्र ‘एस’ आणि ‘एच’. अक्षरांवरच्या-खालच्या खुणा शोधताना गाळल्या तरी चालतं. या नियमांनी नाव टाका आणि भाषेच्या गाळणीत मराठी निवडा. मग नोंदी दिसू लागतात. पानंच्या पानं भरतील इतक्या असतात, तेव्हा ही यादी घरी बसून निवांत करावी आणि नोंदीतले मागणी क्रमांक (कॉल नंबर) टिपून न्यावेत. सूची जगभरातून मोफत पाहता येते.

दुसरी गोष्ट वेळेची. सगळी पुस्तकं कॅपिटॉल हिलवरच्या, म्हणजे संसद भवनाच्या परिसरातल्या, इमारतींत नसतात. काही मेरिलँडमधल्या फोर्ट मीडच्या भांडारात आहेत आणि तिथून यायला किमान एक कामाचा दिवस जातो. हाताशी एकच दिवस असेल तर आधीच ‘आस्क अ लायब्रेरियन’ या ऑनलाइन सेवेतून लिहून विचारा. कोणत्या तारखेला येणार, कोणती पुस्तकं हवीत आणि त्यांचे मागणी क्रमांक एवढं लिहिलं की पुरे. दुर्मीळ ग्रंथ किंवा हस्तलिखितं हवी असतील तर असं आधी विचारणं टाळूच नये.

वाचनकक्षात कोट, पाठीवरची पिशवी, खाणंपिणं चालत नाही. सामान आधी ठेवून यायचं. लॅपटॉप, वही, चष्मा न्यावा. दुर्मीळ साहित्याच्या कक्षांत पेन चालत नाही, पेन्सिलच लागते. पुस्तक घरी नेता येत नाही, ती सवलत संसद सदस्य आणि मोजक्या अधिकृत व्यक्तींनाच आहे. पण अर्धा दिवस त्या कक्षात बसून, आपल्या गावच्या वाचनालयातून कधीच नाहीसा झालेला एखादा जुना मराठी ग्रंथ वाचता येतो आणि त्याची टिपणं काढता येतात.

ज्यांना वॉशिंग्टनला जाणं शक्य नाही, त्यांच्यासाठीही थोडं काही आहे. दिल्लीच्या कार्यालयाने २०००पासून दक्षिण आशियातल्या लेखकांचं त्यांच्याच आवाजातलं वाचन ध्वनिमुद्रित केलं. त्यात मराठी लेखकही आहेत आणि ती ध्वनिमुद्रणं ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर ऐकायला मिळतात. त्यासाठी पासही नको, कार्डही नको.