ग्रामसभेतला डीएनए

पंधरा-वीस वर्षांपूर्वी जत्रेच्या नाटकाला बसलेल्यांना हा आवाज आठवेल. पद रंगात आलेलं असायचं आणि मध्येच कर्ण्यातून ‘टर्र-टक्-टक्, टर्र-टक्-टक्’. दोनेक सेकंदांनी कुणाच्या तरी खिशातला मोबाइल वाजायचा. त्या काळच्या जीएसएम (टू-जी) फोनची लहर सलग नसे. सेकंदाला सुमारे २१७ ठोके अशी ती तुटक निघे आणि माइकच्या वायरीत शिरून ऐकू येई. वायरीत शिरतं ते अंगात शिरणार नाही का?

शिरतं. शिरल्यावर पेशीचं काय होतं, यावरचा वाद मोबाइलपेक्षा जुना आहे.

गोव्यात तो आता रविवारच्या ग्रामसभेत ऐकू येतो. आमच्याकडे बोलणं कोंकणीत होतं, निवेदन मराठीत लिहिलं जातं आणि टॉवरविरोधी निवेदनात तीन शब्द हमखास असतात: रेडिएशन, कॅन्सर, डीएनए. पहिले दोन कुठून आले ते कळतं. तिसरा शब्द अमेरिकेतल्या सिएटलच्या एका प्रयोगशाळेतून आला आहे.

त्याआधीचं थोडक्यात. दुसऱ्या महायुद्धात रडार आलं आणि त्याच्या लहरींनी ऊती तापतात, डोळ्यात मोतीबिंदू होऊ शकतो, हे पुढच्या काही वर्षांत प्राण्यांवर दिसलं. १९५३ मध्ये जैवभौतिकशास्त्रज्ञ हर्मन श्वान यांनी शरीर किती उष्णता बाहेर टाकू शकतं याचा हिशेब मांडून चौरस सेंटिमीटरला १० मिलिवॅट ही मर्यादा सुचवली. सोव्हिएत संघाने मात्र तिच्या हजाराव्या भागाइतकी मर्यादा ठेवली. उष्णतेशिवायही परिणाम होतात, असं तिथल्या संशोधकांचं म्हणणं होतं. पाश्चात्त्यांचे नंतरचे नियमही उष्णतेवरच बेतलेले. अन्नासाठी कळ दाबायला शिकवलेले उंदीर आणि माकडं किलोला सुमारे ४ वॅट ऊर्जा शोषली की काम सोडून देत. त्याचा पन्नासावा भाग, म्हणजे किलोला ०.०८ वॅट, ही सामान्य माणसाच्या पूर्ण शरीरासाठीची मर्यादा झाली. मर्यादा म्हणजे ‘पेशीला याखाली काहीच होत नाही’ असा शोध नव्हे, हे निवेदन लिहिणाऱ्यांनी आणि टॉवरवाल्यांनी, दोघांनीही लक्षात घेतलेलं दिसत नाही.

भौतिकशास्त्र उष्णतेच्या बाजूने आहे. मोबाइल लहरीच्या एका कणातली ऊर्जा साध्या सूर्यप्रकाशातल्या कणापेक्षाही लाखो पटींनी कमी. एक्स-रेसारखा डीएनएचा धागा तोडणं तिच्या आवाक्यातलं नाही. म्हणूनच १९९५ मध्ये सिएटलच्या त्या प्रयोगशाळेतल्या हेन्री लाय आणि नरेंद्र सिंग यांनी धागे तुटल्याचं जाहीर केलं, तेव्हा खळबळ उडाली.

त्यांची पद्धत सुंदर होती. उंदरांना दोन तास २४५० मेगाहर्ट्झच्या लहरींत ठेवायचं. मग मेंदूतल्या सुट्या पेशी अगारोज या जेलीसारख्या पदार्थाच्या पातळ थरात काचपट्टीवर बसवायच्या, पेशीचं आवरण विरघळवायचं आणि वीजप्रवाह सोडायचा. शाबूत डीएनए जागीच गोळा राहतो, तुटलेले तुकडे पुढे ओढले जातात. रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की शेपटीवाला धूमकेतू दिसतो. म्हणून या तपासणीचं नाव ‘कॉमेट’. शेपूट जितकी लांब, तितकी मोडतोड जास्त. लाय-सिंग यांच्या उंदरांच्या शेपट्या लांबल्या होत्या.

सेंट लुइसच्या गटाने तोच प्रयोग करून पाहिला, तर काही सापडलं नाही. मग त्यांनी उंदीर मारण्याची पद्धत तपासली. कार्बन डायऑक्साइडने गुदमरवलेल्या उंदरांत शेपट्यांची लांबी लहरींशिवायही जनावरागणिक बदलत होती. एका झटक्यात मान कापलेल्यांत तसं नव्हतं. पेशीला हात लावण्याआधीच निकालात खोट शिरू शकते, ती अशी. मात्र या गटाच्या मागे मोबाइल बनवणाऱ्या मोटोरोलाचा पैसा होता, त्यामुळे संशय घेणाऱ्यांना आयतं कारण मिळालं. पुढे युरोपच्या ‘रिफ्लेक्स’ प्रकल्पातही धागे तुटल्याचे निष्कर्ष आले आणि २००८ मध्ये त्यातल्या व्हिएन्नाच्या आकडेवारीवरच वाद पेटला.

मे २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने या लहरींना ‘कदाचित कर्ककारक’ अशा २-ब गटात टाकलं. त्याच गटात पारंपरिक आशियाई पद्धतीने मुरवलेल्या भाज्याही आहेत. (आमची चेपणीची तोरं, म्हणजे मिठात मुरवलेल्या कैऱ्या, त्यात धरायची का, हे कुणी विचारलेलं नाही.) २०१८ च्या अमेरिकी प्रयोगात रोज नऊ तास, दोन वर्षं लहरींत ठेवलेल्या नर उंदरांच्या हृदयात गाठी आढळल्या. पण हेच नर लहरींविना ठेवलेल्यांपेक्षा जास्त जगले. माणसांवरच्या अभ्यासांचा जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेला आढावा २०२४ मध्ये आला. त्यात मोबाइल आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध दिसला नाही. माझा कल याच आढाव्याकडे आहे.

भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक-दशांशावर आणली. हा खबरदारीचा निर्णय होता. ‘एक-दशांश’ मागे पेशीवरचा कुठला प्रयोग नाही.

२०२० मध्ये टाळेबंदीत गोव्यातल्या दुर्गम वाड्यांवरची मुलं ऑनलाइन वर्गासाठी डोंगर चढून रेंज शोधत होती, आणि त्याच वर्षी राज्याचं टेलिकॉम धोरण आलं. तेव्हापासून काही गावांत ‘टॉवर द्या’ आणि ‘टॉवर हटवा’ अशी दोन्ही निवेदनं आहेत. एक तांत्रिक गोष्ट दोन्हीकडे सुटते. फोन आपली ताकद रेंजप्रमाणे कमी-जास्त करतो. ९०० मेगाहर्ट्झवरचा जीएसएम फोन ठोक्यामागे २ वॅटपर्यंत जाऊ शकतो, टॉवर जवळ असला की त्याच्या कितीतरी खाली उतरतो. २-ब गटाचा निर्णय घेताना ज्या तेरा देशांच्या अभ्यासाकडे बोट दाखवलं गेलं, त्यातला सर्वाधिक वापर करणाऱ्यांच्या गटाचा १,६४० तासांचा आकडाही टॉवरखाली राहण्याचा नव्हता. तो फोन कानाला लावून बोलण्याचा होता.