पेटीतला क्रॉसओव्हर संगणकाकडे सोपवताना

स्पीकरच्या पेटीत कॉइल, कपॅसिटर आणि रेझिस्टर बसवलेली एक पट्टी असते. खालचे स्वर वूफरकडे आणि वरचे ट्वीटरकडे धाडणारा क्रॉसओव्हर तो हाच. हे काम संगणकाकडून ॲम्पच्या (ॲम्प्लिफायरच्या) आधीच करून घेता येतं. पेटीतली पट्टी मग काढून टाकायची आणि प्रत्येक ड्रायव्हरला, म्हणजे वूफर, ट्वीटर अशा आवाज काढणाऱ्या प्रत्येक भागाला, स्वतंत्र ॲम्प द्यायचा. दोन टू-वे (वूफर आणि ट्वीटरच्या) स्पीकरांना ॲम्पचे चार चॅनेल लागतात, थ्री-वेंना सहा. बहुतेक खर्च इथेच होतो. संगणक म्हणून घरातला जुना लॅपटॉप किंवा रास्पबेरी पाय 4 हा छोटा संगणक पुरतो. लिनक्सवर कॅमिलाडीएसपी आणि विंडोजवर इक्वलायझर एपीओ हे प्रोग्रॅम मोफत मिळतात.

साउंड कार्ड मात्र चार आउटपुटांचं, एकच घ्या. दोन स्वस्त यूएसबी कार्डं जोडून भागवायचा मोह पुष्कळांना होतो. पण प्रत्येक कार्डाचं घड्याळ वेगळं चालतं. दहा लाखांत 50 भागांचा फरक असला तरी तासाभरात 180 मिलिसेकंदांची तफावत पडते. मग वूफर आणि ट्वीटर एकमेकांना सोडून वाजतात, नाहीतर मधूनच टक्‌ टक्‌ ऐकू येतं.

ट्वीटर कसा जळतो

आमच्याकडे येणारा सर्वांत नेहमीचा प्रश्न हाच. ट्वीटरची कॉइल केसासारख्या बारीक तारेची असते आणि आता तिच्या आणि ॲम्पच्या मध्ये काहीच उरलेलं नसतं. साउंड कार्डाचं सॉफ्टवेअर (तेही ‘ड्रायव्हर’च म्हणवतं) अपडेट झाल्यावर विंडोजमधला स्वर वाटून देणारा फिल्टर कधीकधी मुकाट्याने सुटतो आणि सगळा खर्ज थेट ट्वीटरमध्ये शिरतो. म्हणून वूफर आउटपुट 1-2 वर आणि ट्वीटर 3-4 वर लावा. स्टिरिओ आवाज आपोआप 1-2 वरच जातो. फिल्टर सुटला तरी तो आवाज वूफरला मिळेल, आणि वूफर ते सहन करतो.

शिवाय प्रत्येक ट्वीटरच्या पॉझिटिव्ह तारेत एक पॉलिप्रोपिलीन कपॅसिटर घाला. 8 ओहमच्या ट्वीटरला 20 मायक्रोफॅरड, 4 ओहमच्याला 40. त्याची सीमा, म्हणजे जिच्याखालचे स्वर तो कमी करत जातो, साधारण 1000 हर्ट्झवर येते. डीसी (एकाच दिशेचा वीजप्रवाह) पूर्ण अडतो आणि 50 हर्ट्झच्या गुणगुणीचा विसावा हिस्साच ट्वीटरपर्यंत पोचतो. मोठ्या आवाजातल्या पूर्ण संगीतापासून मात्र तो वाचवत नाही. कपॅसिटरमुळे फेजही (ध्वनिलहरीची वेळेतली जागा) थोडी सरकते, तेव्हा पुढची सगळी मोजमापं तो बसवूनच करा.

पहिल्यांदा चालू करताना ट्वीटरच्या जागी एखादा जुना टाकाऊ स्पीकर लावा आणि पखवाज किंवा घुमट या मातीच्या तालवाद्यावरच्या आरतीचं रेकॉर्डिंग वाजवा. नुसती चाट, टाळांची किणकिण आणि ‘स’चा सुसकारा ऐकू आला तर वायरिंग बरोबर आहे. घुमटाचा घुमारा आला तर तिथेच थांबा.

सुरू करताना आधी संगणक, मग ॲम्प. बंद करताना आधी ॲम्प.

फिल्टर आणि विलंब

सुरुवात 24 डीबी (डेसिबल) प्रति ऑक्टेव्हच्या (सप्तकाच्या) लिंकविट्झ-रायली फिल्टरने करा. क्रॉसओव्हरच्या जागी, म्हणजे ज्या फ्रीक्वेन्सीला स्वर वूफरकडून ट्वीटरकडे जातात तिथे, दोन्ही बाजू 6 डीबी खाली असतात आणि बेरीज सपाट येते. ही जागा ट्वीटरच्या रेझोनन्सच्या (तो स्वतःहून सर्वांत जास्त थरथरतो त्या फ्रीक्वेन्सीच्या) किमान दुप्पट ठेवा: रेझोनन्स 900 हर्ट्झ असेल तर 2000 चालेल.

सपाट पेटीत वूफरची कॉइल ट्वीटरच्या मागे असते, म्हणून ट्वीटरला विलंब द्यावा लागतो. आपल्याकडच्या 30 अंश सेल्सिअसच्या हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे 349 मीटर जातो, म्हणजे 25 मिलिमीटरला 0.072 मिलिसेकंद. 2000 हर्ट्झला एवढ्यानेही 50 अंशांचा फेजफरक पडतो. फूटपट्टीने मोजलेलं अंतर अंदाजापुरतंच धरा. खरी पारख अशी: ट्वीटरची पोलॅरिटी (अधिक-उणे) उलटी करा, मायक्रोफोन एक मीटरवर ट्वीटरच्या उंचीला ठेवा, आणि क्रॉसओव्हरपाशी मोजमापाच्या आलेखात सर्वांत खोल खड्डा पडेपर्यंत विलंब थोडा थोडा बदला. मग पोलॅरिटी सरळ करा.

इक्वलायझरने कुठे 4 डीबी वाढवले असतील तर सुरुवातीलाच 4 डीबी कमी करा, नाहीतर मोठ्या आवाजात करकर येते. ट्वीटरला कान लावल्यावर सळसळ फार येत असेल तर ॲम्पचा गेन (आवाज वाढवण्याचं प्रमाण) उतरवा. संगणकात 20 डीबी कापून ती जात नाही.

लिनिअर फेजचे लांब एफआयआर फिल्टर (फेज बिघडवत नाहीत, पण आवाज उशिरा पोचवतात) टीव्हीसाठी आम्ही सुचवत नाही. 48 किलोहर्ट्झला 8192 टॅपचा (गुणकांचा) फिल्टर 85 मिलिसेकंद मागे राहतो, आणि नाटकाचं रेकॉर्डिंग बघताना नटाचे ओठ आधी हलतात, शब्द नंतर येतात.

इथल्या हवेत

खाऱ्या दमट हवेने ऑडिओ केबलच्या आरसीए पिनांवर हिरवट थर चढतो आणि एखादा चॅनेल मधूनच गायब होतो. पावसाळ्याआधी आणि नंतर पिना कॉन्टॅक्ट क्लीनरने पुसा. वीज अचानक गेली की रास्पबेरी पायचं मेमरी कार्ड बिघडू शकतं. सेटिंग पक्की झाली की कार्ड फक्त-वाचनाच्या मोडमध्ये टाका, वर छोटा यूपीएस द्या. लॅपटॉपचा चार्जर लावल्यावर गुणगुण येत असेल तर अर्थिंगची पिन कधीही तोडू नका. सगळी उपकरणं एकाच बोर्डावर घ्या, तरी राहिली तर साउंड कार्ड आणि ॲम्पच्या मध्ये ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावा.

मोजमापासाठी स्पीकर आमच्याकडे आणताना काढलेली जुनी पट्टीही सोबत आणा. मूळ क्रॉसओव्हर किती हर्ट्झवर ठेवला होता, ते तिच्यावरून ताडता येतं.