द्विध्रुवी मनोविकार आणि मेंदूची सुरुवातीची जडणघडण

द्विध्रुवी मनोविकारात, म्हणजे सर्रास ज्याला बायपोलर म्हणतात त्या आजारात, उन्माद (टोकाचा उत्साह, मॅनिया) आणि नैराश्य यांचे झटके येतात. पहिला झटका बहुधा किशोरवयाच्या अखेरीस किंवा विशीत येतो. मात्र आजाराची बीजे मेंदू घडत असतानाच, अगदी गर्भावस्थेपासून, रुजत असावीत असे एक मत आहे. ही कल्पना आधी छिन्नमनस्कतेसंदर्भात, म्हणजे स्किझोफ्रेनियाबाबत, पुढे आली (अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ डॅनियल वाइनबर्गर, १९८७) आणि तिथे ती चपखल बसते, कारण पुढे त्या आजाराला बळी पडणारी मुले लहानपणीच चालण्या-बोलण्यात थोडी मागे पडलेली आढळतात.

द्विध्रुवी विकारात घोडे इथेच अडते. न्यूझीलंडमधील डनेडिन येथे १९७२-७३ साली जन्मलेल्या मुलांच्या दीर्घ पाहणीत पुढे उन्माद झालेली मुले मोजकीच होती, पण लहानपणी हालचालींच्या चाचण्यांत ती इतरांहून सरस ठरली होती. स्वीडनमधील सुमारे ७ लाख विद्यार्थ्यांच्या पाहणीत (२०१०) सोळाव्या वर्षी उत्कृष्ट गुण मिळवणाऱ्यांना या विकाराचा धोका सर्वसाधारण गुणवाल्यांच्या जवळजवळ चौपट दिसला. प्रतिभा आणि वेड यांची सोयरीक जुळवणाऱ्यांना हा आकडा फार आवडतो. त्याच पाहणीत अगदी कमी गुणवाल्यांचा धोकाही वाढलेला होता, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. शिवाय चौपट धोका धरला तरी बहुतेक हुशार मुलांना हा आजार होत नाही.

तेव्हा प्रश्न मेंदूची वाढ खुंटण्याचा नसून चेतापेशींची जुळणी कशी होते याचा असावा. जुळ्यांच्या अभ्यासांतून या विकारात आनुवंशिकतेचा वाटा मोठा दिसतो. त्याच्याशी जोडलेल्या जनुकांपैकी सीएसीएनए१सी पेशीतील कॅल्शियमच्या वाहिनीशी, तर एएनके३ चेतापेशीत विद्युत्-संदेश जिथे उमटतो त्या जागेच्या बांधणीशी संबंधित आहे.

सर्वांत बोलका पुरावा प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीतला आहे. कॅलिफोर्नियातील सॉल्क संस्थेने २०१५ मध्ये सहा रुग्णांच्या त्वचेच्या पेशी मूलपेशींच्या (कोणत्याही प्रकारची पेशी बनू शकणाऱ्या स्टेम सेल्सच्या) अवस्थेत परत नेल्या आणि त्यांपासून हिप्पोकॅम्पस या मेंदूतील स्मरणाशी निगडित भागातल्यासारख्या चेतापेशी वाढवल्या. अशा पेशी वयाने कोवळ्या असतात. त्यांनी ना झटका पाहिलेला असतो, ना औषध. तरीही त्या निरोगी माणसांच्या पेशींपेक्षा जास्त वेगाने संदेश सोडत होत्या. बशीत लिथियम हे या विकारावरचे औषध घातल्यावर त्या शांत झाल्या, पण ज्यांना प्रत्यक्षात लिथियम लागू पडत होते, त्यांच्याच.

गरोदरपणी आईला झालेल्या फ्लूचा संबंधही कॅलिफोर्नियातील एका पाहणीत (२०१३) आढळला. तो पुरावा तुलनेने तोकडा आहे. किशोरवयात मेंदूतील भावनांशी निगडित अमिग्डाला हा भाग आणि त्याला आवर घालणारा कपाळामागचा भाग यांच्यातील दुवे पक्के होत असतात. या टप्प्यावर जुना कच्चेपणा उघडा पडतो, असे अनेक संशोधक मानतात.

भारतात बंगळूरच्या निम्हान्स (मनोविकार व मेंदूविज्ञानाची राष्ट्रीय संस्था) आणि एनसीबीएस (जीवशास्त्र संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र) या संस्था, ज्या घरांत एकाहून अधिक माणसांना गंभीर मनोविकार आहे, तिथल्या रुग्णांच्या आणि त्यांच्या निरोगी नातेवाइकांच्या पेशींपासून मूलपेशी तयार करून त्यांची तुलना करत आहेत.