सोबत लेकरू नसलं तरी या
(आमच्या खेळण्यांच्या दुकानात येणाऱ्या मोठ्या माणसांसाठी)

बाजाराच्या दिवशी कापसाचा चुकारा खिशात घालून कुणी काका दुकानात येतात. "नातवासाठी काही दाखवा," म्हणतात. आम्ही दोन-चार खोकी काढेपर्यंत ते पलीकडच्या फळीजवळ पत्र्याची आगबोट हातात धरून उभे असतात. गेल्या हंगामात एक जण बोट उलटीपालटी करत म्हणाले, "मले बाबानं हे घेऊन नाही देल्लं." त्या दिवशी बोट त्यांनी स्वतःसाठी घेतली, आणि आम्हाला फार बरं वाटलं.

तालुक्याच्या मानानं आमचं दुकान मोठं आहे, दोन मजली. वरचा अर्धा मजला आम्ही जुन्या पद्धतीच्या खेळण्यांना दिला आहे: भोवरे, कंचे, बोळकी, चावीची माकडं, व्यापाराचा डाव. तिथं प्रत्येक वस्तू हाताळायला मोकळीक आहे. भोवऱ्याला दोरी गुंडाळा, फरशीवर सोडा. आर बोथट झाली तर बदलायचं काम आमचं. कुणासाठी घेता, असं आम्ही विचारत नाही.

आगबोट बघायची असेल तर गल्ल्याजवळच्या परातीत आम्ही ती चालवून दाखवतो. मागच्या दोन नळ्यांतून आधी पाणी भरायचं, मग आतली तेलाची वात पेटवायची. पत्र्याच्या डबीतल्या पाण्याची वाफ होते आणि ती नळ्यांमधलं पाणी मागे ढकलते. वाफ थंडावली की पाणी पुन्हा आत ओढलं जातं. बाहेर जाणारं पाणी सरळ धारेनं जातं, आत येणारं चहूबाजूंनी येतं, म्हणून बोट पुढेच सरकते. फटफट आवाज डबीच्या पातळ पत्र्याचा. नळ्या कोरड्या ठेवून वात पेटवली तर डबीचा जोड सुटतो. बोट बिघडली म्हणून परत येतात त्यांचं बहुतेक हेच झालेलं असतं. पत्र्याला धार असते आणि वात जळती असते, त्यामुळे लहान लेकराच्या हाती ती एकट्यानं देऊ नका.

तान्हा पोळ्याआधीचे आठ दिवस मात्र दुकानात फक्त नंदी असतो. आपल्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लेकरं लाकडी नंदी घेऊन घरोघर बोजारा, म्हणजे पैसे-खाऊ, मागतात. वर्धा जिल्ह्यातल्या सिंदी रेल्वे गावचे माणसापेक्षा उंच नंदी पाहिलेले लोक आमच्याकडचा हातभर नंदी बघूनही हळवे होतात. कित्येक घरांत आजोबांचा सागवानी नंदी अजून माळ्यावर आहे. तो खाली काढा, पण नातवाच्या हाती देण्याआधी एकदा आम्हाला दाखवा. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं भरपूर असायचं. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण दहा लाखांत 90 भागांपेक्षा जास्त नको, हा नियम आपल्याकडे 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधी रंगवलेल्या नंदीचे पोपडे निघत असतील तर लहान लेकरू ते तोंडात घालतं, आणि शिसं लेकराच्या मेंदूला अपाय करतं. घरी कोरड्या पॉलिश कागदानं घासू नका, धूळ नाकातोंडात जाते. आम्ही ओला कागद वापरून रंग काढतो आणि नव्यानं रंगवून देतो. डोळे पूर्वी होते तसेच काढतो. जुना फोटो असेल तर आणा.

नवीन खेळणं घेताना आयएसआयची खूण बघा. 1 जानेवारी 2021 पासून 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना ती सक्तीची आहे. नोंदणीकृत हस्तकारागिरांच्या वस्तूंना सूट आहे, त्यामुळे सुताराच्या हातच्या नंदीवर ती नसू शकते. अशा वेळी कडा बोटानं तपासा आणि ओल्या फडक्यानं रंग पुसून बघा.

बटण सेलचं खेळणं असेल तर सेलचं झाकण स्क्रूचंच हवं. लेकरानं सेल गिळला तर अन्ननळी दोन तासांतही भाजू शकते. उलटी करवू नका, वाट पाहू नका, तडक दवाखाना गाठा.

निवांत बघायचं असेल तर बाजाराचा दिवस सोडून दुपारी या. वर बसायला बाकडं आहे. नंदी दुरुस्तीला पोळ्याच्या पंधरा दिवस आधी आणा. तुटलेलं शिंग घरात कुठं सापडलं तर तेही सोबत असू द्या, त्याच लाकडाचं बसवता आलं तर जोड दिसत नाही.