रक्तातला दोष आणि हिरावलेले जंगल

पश्चिम मध्य प्रदेशातल्या झाबुआ-अलिराजपूरकडून इंदूरच्या एम.वाय. या सरकारी हॉस्पिटलमध्ये येणाऱ्या भिल्ल-भिलाला आदिवासी रुग्णांबद्दल ‘यांच्या रक्तातच दोष’ असे सहज बोलले जाते. सिकलसेल या तांबड्या रक्तपेशींच्या आजारापुरते ते खरे आहे, तो आजार आनुवंशिकच. पण कुपोषण, क्षय, अशक्तपणा यांचे मूळ रक्तात नाही, गेल्या दोनशे वर्षांत आहे.

होळकरांशी झालेल्या १८१८च्या मंदसौर तहानंतर इंग्रजांचा प्रतिनिधी, म्हणजे रेसिडेंट, इंदुरात बसला. पुढे १८७८च्या वन कायद्याने इंग्रजी मुलखातली जंगले ‘राखीव’ झाली, आणि लाकडाचे उत्पन्न दिसताच संस्थानांनीही तोच कित्ता गिरवला. आपली मराठी संस्थाने त्यात मागे नव्हती, हे मान्य केले पाहिजे. शिकार, कंदमुळे, मध, चारोळी सगळ्यांवर बंधने आली. पाऊस हुकला की वाळवून ठेवलेली मोहाची फुले आणि रानातला कंद यांवर माणूस तग धरत असे. तो आधार कमकुवत झाला आणि १८९९चा पाऊस आला नाही.

त्या छपन्नाच्या (विक्रम संवत १९५६च्या) दुष्काळात भिल्लांची अतोनात हानी झाली. अशा वेळी बहुतेक माणसे प्रत्यक्ष भुकेने नव्हे, रोगाने मरतात. अन्न तुटले की संसर्गाशी लढणाऱ्या टी-पेशी जिथे तयार होतात ती थायमस ग्रंथी आक्रसते, आतड्याचे अस्तर झिजते. मग पटकी, हगवण, पाठोपाठ हिवताप. गर्दीच्या मदत छावण्यांत दूषित पाण्याने उरलेले काम केले.

‘रक्ताचा दोष’ किती फसवा असतो याचा सर्वांत स्वच्छ पुरावा मात्र अमेरिकेतला आहे. ॲरिझोनातले पिमा लोक गिला नदीच्या पाण्यावर शेती करत. एकोणिसाव्या शतकात वरच्या भागातल्या गोऱ्या वसाहतवाल्यांनी ते पाणी वळवले, शेती बसली आणि ताटात सरकारी मैदा, साखर, चरबी आली. पुढे त्यांच्यात मधुमेह इतका वाढला की शास्त्रज्ञ त्यांच्या जनुकांत कारण शोधू लागले. २००६ मध्ये मेक्सिकोच्या डोंगरांत राहणाऱ्या पिमांशी तुलना प्रसिद्ध झाली. आनुवंशिक वारसा जवळचा, पण मेक्सिकोत प्रौढांमध्ये मधुमेह सुमारे ७ टक्के, ॲरिझोनात ३८ टक्के. मेक्सिकोतले पिमा शेतात राबत होते आणि जुन्या वळणाचे अन्न खात होते.

आपल्याकडे जंगल गेले, जमीन तुटपुंजी राहिली, म्हणून माणसे मजुरीला बाहेर पडली. अलिराजपूर, झाबुआ, धारचे कितीतरी तरुण गुजरातेत गोध्र्याजवळच्या कारखान्यांत गारगोटी दळायला गेले. तिची अतिसूक्ष्म धूळ फुप्फुसाच्या तळापर्यंत पोचते. तिला गिळणाऱ्या पेशी स्वतःच मरतात आणि तिथे कायमचा वण धरतो. हा सिलिकोसिस. तो बरा होत नाही, वर क्षयाचा धोका वाढवतो. २०१० मध्ये राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने अशा २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी ३ लाख रुपये देण्यास गुजरात सरकारला सांगितले.

एक्स-रेत सिलिकोसिस क्षयासारखा दिसू शकतो, म्हणून पुष्कळांना नुसती क्षयाचीच औषधे मिळत राहतात. खोकला हटत नसेल तर डॉक्टरांनी रुग्णाला आधी विचारावे, मजुरीला कुठे गेला होतास?